मापाचे माप

परवा आमच्या एका स्नेह्यांनी चहा घेता घेता आम्हांला एक प्रश्न विचारला. स्नेही मूळचे सातारकडचे, नोकरीनिमित्त आमच्यासारखेच दिल्लीत येऊन पडलेले आणि हिशेबखात्यात मुरलेले. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात टेबलावर बसविलेल्या एका अवजड यंत्राकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे धूड दुरुस्त करण्यात तुम्ही सात-आठ महिने घालविलेत. यातून नेमके काय साधले, ते एकदा सांगाल का?"

प्रश्न थट्टेचा होता. पण तो आमच्या मनात राहिला. हे धूड म्हणजे एक ऑसिलोस्कोप आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९४६ साली स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९५० नंतरच्या दशकात जी व्हॉल्व्हची यंत्रे बनविली, त्यांपैकी हे एक. वजन सुमारे तीस किलो. आत ओळीने काही डझन व्हॉल्व्ह. त्यांची उष्णता बाहेर टाकण्यासाठी पाठीमागे पंखा. चालू केले की एखाद्या इस्त्रीइतकी वीज खाते आणि थंडीच्या दिवसांत खोली ऊबदार ठेवते. आज याच्याहून कितीतरी सरस काम करणारे यंत्र तळहातावर मावते आणि त्याची किंमतही मध्यम पगाराच्या माणसाला पेलण्याजोगी असते. तेव्हा स्नेह्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. जुने ते सोने, असे म्हणून आम्ही त्यांचे तोंड बंद करू शकलो असतो. पण तसे आम्ही मानत नाही. जुने पुष्कळदा केवळ जुने असते. म्हणून त्यांना त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

हे यंत्र आम्हांला एका भंगारवाल्याच्या दुकानात मिळाले. त्याच्या अंगावर धुळीचा थर होता आणि बाजूला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटविलेली होती. चिठ्ठीवर कोठल्या तरी कचेरीचा पुसट शिक्का होता आणि इंग्रजीत तीन शब्दांचा शेरा होता. त्याचा अर्थ, 'दुरुस्ती किफायतशीर नाही'. तो शेरा वाचून आम्ही थबकलो, कारण तो आम्हांला अपरिचित नव्हता. डेडस्टॉकची नोंदवही पुढे घ्यावी, खरेदीचे वर्ष पाहावे, ठरलेले आयुष्य संपले आहे याची खात्री करावी आणि समोर हेच तीन शब्द लिहून यादी निर्लेखनासाठी वर पाठवावी, हे काम आम्ही स्वतः अनेकदा केले आहे. यादीतील वस्तू आम्ही क्वचितच पाहिल्या असतील. झाकण उघडून तर एकही पाहिली नाही. त्या चिठ्ठीवरचे अक्षर आमचे नव्हते, पण ते आमचे असू शकले असते. बहुधा या जाणिवेनेच आम्ही ते यंत्र घरी आणले.

मोजमापाचे यंत्र आणि इतर यंत्रे यांत एक मूलभूत भेद आहे. रेडिओ बिघडला तर तो खरखरतो किंवा मुका होतो. त्याचा दोष तो स्वतःच जाहीर करतो. पंखा बिघडला तर फिरत नाही. मापाचे यंत्र बिघडले तर मात्र ते बहुधा चालूच राहते, काटा हलतच राहतो, पडद्यावर रेषा उमटतच राहते आणि दोष दुसऱ्याच्याच नावावर पडतो. शेर खोटा असेल तर धान्य कमी भरते आणि संशय शेतकऱ्यावर येतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजनमापांसाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमला आणि मापांची तपासणी करून त्यांवर दर चार महिन्यांनी शिक्का मारण्याची व्यवस्था सांगितली, ती या भयापोटीच. आपल्याकडे गावोगावी शेर आणि पायली निराळी असण्याचा काळ फार जुना नाही. १९५६ च्या कायद्याने सबंध देशात दशमान मापे आणण्याचा निर्णय केला, तोवर तेच चालले होते. निर्जीव पडलेले मापयंत्र निरुपद्रवी असते. थोडेसेच चुकणारे मापयंत्र घातक असते, कारण त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.

आता दुरुस्तीविषयी. अशा यंत्राच्या दुरुस्तीचा पहिला नियम असा, की ते चालू करून पाहावयाचे नाही. नवशिक्याचा हात प्रथम बटणाकडेच जातो. पण वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून बिघडलेले असतात. एकाएकी पूर्ण दाब दिला तर ते फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही बरोबर घेऊन जातात. म्हणून आधी धूळ काढावी, तारा पाहाव्यात, यंत्र कोणत्या विजेसाठी जोडले आहे ते पाहावे, कारण अमेरिकन घराघरांतील वीज आपल्या विजेच्या निम्म्या दाबाची असते. मग वायरमन मंडळी ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात तो घ्यावा, म्हणजे विजेच्या वाटेत एक साधा दिवा बसवावा. आत कोठे वीज वाहून जात असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. एवढे करून कंडेन्सरना थोड्या थोड्या दाबाने पुन्हा सवय लावावी. लंघन केलेल्या रोग्याला पेज पाजावी, तसा हा प्रकार आहे. या यंत्रांत शेकडो व्होल्ट खेळत असतात, चित्रनलिकेपाशी तर हजारो. आणि यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहतो. म्हणून तो भार रोधकातून उतरवून घ्यावयाचा आणि चालू यंत्रात हात घालण्याची वेळ आलीच तर दुसरा हात खिशात ठेवावयाचा, हा या धंद्यातील जुना दंडक आहे. त्यामुळे वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाताना हृदयातून जात नाही.

या साऱ्या तयारीत आमचे दोन महिने गेले. त्या काळात आम्ही एकही भाग बदलला नव्हता. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली होती, की दुरुस्तीचा बराचसा भाग हा आपल्या उतावळेपणाला आवर घालण्याचाच असतो.

दुसरा धडा एका तापलेल्या व्हॉल्व्हने दिला. एका व्हॉल्व्हची आतील पट्टी लालबुंद होत होती. आम्ही अर्थातच तो व्हॉल्व्ह दोषी ठरविला आणि मोठ्या खटपटीने दुसरा मिळवून बसविला. दहा मिनिटांत तोही लाल झाला. तेव्हा पुस्तिकेतील आकृती काढून बसलो. दोष व्हॉल्व्हचा नव्हताच. त्याच्या आधीच्या टप्प्यातून संदेश आणणारा कागदी कंडेन्सर जुना झाला होता. अशा कंडेन्सरने केवळ बदलता संदेश पुढे द्यावयाचा आणि मागचा स्थिर दाब अडवावयाचा, हे त्याचे काम. कागदात ओल शिरली की तो दाब थोडाथोडा पुढे झिरपू लागतो. मग पुढच्या व्हॉल्व्हची जाळी उणी राहण्याऐवजी अधिक होते आणि तो बिचारा स्वतः जळेपर्यंत वीज वाहत राहतो. आम्हांला लालबुंद दिसत होता तो गुन्हेगार नव्हता, मार खाणारा होता. गुन्हेगार शेजारी थंड आणि स्वच्छ बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते याहून निराळे काय? जेथे दोष दिसतो तेथेच तो असतो, हा समज यंत्रांच्या बाबतीत जितका खोटा, तितकाच माणसांच्या बाबतीत. आम्ही हे वाक्य तेव्हा सहज मनात म्हटले. त्याची खरी किंमत पुढे मोजावी लागणार होती.

कंडेन्सर बदलल्यावर यंत्र चालू लागले. या यंत्रात एक विलंबाची कळ असते. व्हॉल्व्हच्या तारा तापेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट ती मोठा दाब रोखून धरते आणि मग 'खट्' असा आवाज होऊन सारे यंत्र जागे होते. त्या रात्री तो आवाज झाला आणि पडद्यावर हिरवी रेषा उमटली. यंत्राच्या पोटातच त्याची परीक्षा घेणारा एक भाग असतो. त्यातून ठरीव उंचीची चौकोनी लाट निघते. ती पडद्यावर पाहावयाची आणि उंची पट्टीशी जुळली म्हणजे यंत्र बरोबर आहे असे समजावयाचे. आम्ही ती लाट पाहिली. ती अगदी रेघेला रेघ जुळत होती. घरात दुसऱ्या दिवशी शिरा झाला.

पुढे आठवडाभराने एक परिचित गृहस्थ आपला मीटर घेऊन आले. त्या मीटरची नुकतीच प्रयोगशाळेत पडताळणी झालेली होती. सहज म्हणून आम्ही एकच दाब दोन्ही यंत्रांना दाखविला. मीटर १० व्होल्ट म्हणत होता आणि आमचे यंत्र जवळजवळ ११. आमची पहिली प्रतिक्रिया काय झाली, ते येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आम्ही म्हणालो, "तुमचा मीटर पुन्हा एकदा तपासून घ्या."

ते गृहस्थ गेल्यावर रात्री आम्ही पुस्तिका उघडली. पडताळणीच्या प्रकरणाचा पहिलाच नियम तेथे छापलेला होता, की प्रथम उणे १५० व्होल्टचा पुरवठा बाहेरच्या भरवशाच्या मीटरने मोजा. यंत्रातील बाकीचे पुरवठे, शंभराचा, सव्वादोनशेचा, साडेतीनशेचा, पाचशेचा, हे सर्व या एका उणे १५० वर तोलून धरलेले असतात. हा एक दाब एका लहानशा वायुनलिकेशी ताडून ठरविला जातो. तो चुकला की सारेच चुकते, आणि तेही असे चुकते की त्यांचा परस्परांशी असलेला मेळ बऱ्याच अंशी कायम राहतो. पडद्यावर रेषा दिसल्याच्या आनंदात आम्ही ही पायरी गाळली होती. पायाआधी कळस चढविला होता. मोजले तेव्हा उणे १५० च्या जागी १३८ निघाले. ताडून पाहणाऱ्या दोन रोधकांपैकी एक काळाच्या ओघात आपले मूल्य सोडून बसला होता. काही रुपयांचा तो भाग. कोणी तरी पूर्वीच तेथला स्क्रू अखेरपर्यंत पिळून पाहिला होता आणि तो निरुपाय झाल्यावर तसाच सोडून दिला होता.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही, की यंत्राने स्वतःची परीक्षा दिली तेव्हा ते उत्तीर्ण कसे झाले? कारण परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच ताटात जेवत होते. ठरीव लाट ज्या पुरवठ्यावर उभी, त्याच पुरवठ्यावर पडद्याची पट्टीही उभी. आणि मागच्या कोणी ती पट्टी त्या लाटेशीच जुळवून ठेवलेली. दोघेही सारखेच चुकलेले असल्यामुळे दोघांचे उत्तम जमत होते. यंत्र खोटे बोलत नव्हते. आपल्या परीने ते अगदी प्रामाणिक होते. सुसंगती आणि सत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही पाठ केले होते; त्याचा अर्थ त्या रात्री कळला. जे स्वतःशी पूर्ण जुळते, ते खरे असेलच असे नाही. किंबहुना अशा पूर्ण जुळण्याचाच अधिक धाक वाटावा, कारण त्यामुळे बाहेर विचारण्याची गरज उरत नाही.

पण मग बाहेर विचारावयाचे ते कोणाला? तो मीटर तरी खरा कशावरून? त्याची पडताळणी प्रयोगशाळेतील अधिक चांगल्या यंत्राने केली. त्या यंत्राची आणखी चांगल्याने. अशी ही साखळी चढत चढत आपल्या देशात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. तिच्यापुढे काय? वजनाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मोठे चमत्कारिक होते. पॅरिसजवळ सेव्र येथे प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल ठेवलेला आहे. २०१९ पर्यंत त्याचे वजन म्हणजेच किलोग्रॅम. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या होत्या. ५७ क्रमांकाची प्रत आपल्याकडे आहे. शतकभरात मूळ दंडगोलाची त्याच्या प्रतींशी तुलना झाली तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत अंतर पडल्याचे आढळले. आता मूळ हलके झाले की प्रती जड झाल्या? व्याख्येप्रमाणे मूळ चुकूच शकत नव्हते. सेव्रचा तो दंडगोल उद्या कोणी झिजविला असता, तर सारे विश्व जड झाले असे म्हणावे लागले असते! शास्त्रज्ञांना ही अवस्था सहन झाली नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम निसर्गातील एका स्थिरांकावर उभा केला गेला. व्होल्टचीही तीच कथा. एके काळी काचेच्या नळीतील वेस्टन घट, २० अंश तापमानाला १.०१८ व्होल्टच्या आसपास दाब देणारा, हा त्याचा साक्षी होता. १९९० पासून ती जागा १९६२ साली जोसेफसनने वर्तविलेल्या परिणामाने घेतली.

या इतिहासातून आम्हांला एवढेच दिसते, की कोणत्याही मापाला, मग ते कितीही थोर असो, अचूकपणाची सनद कायमची देऊन ठेवणे माणसाला मानवत नाही. ज्याला कोणी तपासू शकत नाही असा एक दंडगोलसुद्धा शेवटी संशयास्पदच ठरतो. साखळी कोठे तरी संपते हे खरे. पण ती 'माझ्यापाशी' संपत नाही. नीतीच्या क्षेत्रात आपण सदसद्विवेकबुद्धीला अखेरचे न्यायासन मानतो. 'माझे मन मला खात नाही' हे आपले सर्वांत मोठे प्रमाणपत्र. त्या यंत्राचेही मन त्याला खात नव्हते. विवेकबुद्धीला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यावाचून परीक्षा सुरूच होत नाही. परंतु जी बुद्धी आपल्याच सवयींच्या, आपल्याच सोयीच्या पुरवठ्यावर चालते, ती त्या सवयींची परीक्षा कशी घेणार? तिला मधूनमधून दुसऱ्याचा मीटर लावून पाहिला पाहिजे. आणि आकडे जुळले नाहीत तर पहिला संशय कोणावर घ्यावा, हेही शिकले पाहिजे.

हे सारे आम्ही तत्त्वज्ञान म्हणून लिहिले असते आणि सुखाने झोपलो असतो. पण त्या रात्री आम्हांला एक जुनी नस्ती आठवली.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेची पत्रे उशिरा पोहोचतात, अशी तक्रार आली होती. जावक पाहणारे गृहस्थ वयस्क, गढवालकडचे, मितभाषी. चौकशीचे काम आमच्याकडे होते. आम्ही आमच्या शाखेची वही पाहिली. पत्र जावककडे दिल्याची तारीख तीत होती. त्यांची वही पाहिली. पत्र रवाना झाल्याची तारीख तीत होती. दोहोंत तीन-चार दिवसांचे अंतर. आमच्या वहीतील तारखा आम्ही नस्तीतील स्थळप्रतींशी ताडून पाहिल्या. त्या तंतोतंत जुळल्या. तेव्हा प्रश्नच मिटला. त्यांना देण्याच्या ज्ञापनाचा मसुदा आम्ही लिहिला, वरिष्ठांची सही झाली, आणि त्यांना लेखी ताकीद मिळाली. ते काही बोलले नाहीत. पुढे वर्षभराने एका सहकाऱ्याच्या रजेत त्यांचे काम आमच्याकडे आले तेव्हा आम्हांला समजले, की आमच्या शाखेत पत्रावर सही झाली की लगेच वहीत 'दिले' अशी तारीख पडे. पत्र मात्र पुढे तीन-चार दिवस आमच्याच ट्रेमध्ये असे. वही आणि स्थळप्रत एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलेली. ती जुळणार नाहीत तर काय? तापून लाल झालेला व्हॉल्व्ह आम्ही पाहिला. झिरपणारा कंडेन्सर आम्ही स्वतः होतो.

हे कळल्यावरही आम्ही गप्प बसलो. प्रकरण जुने झाले होते. ताकीद किरकोळ होती. नस्ती बंद होती. 'आपण जाणूनबुजून काही केले नाही' हे आमचे समाधान होते, आणि ते खरेही होते. यंत्रात सापडलेला १३८ चा आकडा हा त्या समाधानाच्या आड आला. दुसऱ्या दिवशी आम्ही टिपणी लिहिली. घडले ते क्रमवार मांडले, ट्रेची हकीकत लिहिली आणि ताकीद मागे घ्यावी अशी विनंती केली. वरिष्ठांनी आम्हांला बोलावून विचारले, "हे आता उकरून काय साधणार?" स्नेह्यांनी विचारलेला प्रश्न आम्हांला अशा प्रकारे आधी एकदा विचारला गेला होता. पण वरिष्ठ भले होते. दोन महिन्यांनी ताकीद मागे घेतल्याचे एका ओळीचे पत्र निघाले. त्या गृहस्थांच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. पत्र आम्हीच त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते वाचले, सही करून घेतले, चार घड्या करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "यह चिट्ठी सचमुच देर से निकली, बाबूजी." यावर आम्हांला काही बोलता आले नाही, आणि आजही काही सुचत नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग निर्लेखन करूच नये काय? भांडारे भंगाराने भरून टाकावीत काय? तसे आम्ही म्हणत नाही. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या वस्तू असतात. ज्या चित्रनलिकेत हवा शिरली ती गेली. ज्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी आतून जळाली आणि ज्याला जोडीदार मिळत नाही, त्याच्यासाठी शोक करण्यात अर्थ नाही. दुरुस्तीला लागणारा वेळ आणि पैसा हीही खरीच मापे आहेत. गरीब देशातील कचेरीला ती विसरून चालणार नाही. आमचा आग्रह एवढाच, की 'संपले' असे म्हणण्याचा अधिकार झाकण उघडणाऱ्याला आहे. वैद्य नाडी पाहिल्यावर हात टेकतो, तेव्हा त्याला कोणी दोष देत नाही. नोंदवहीत जन्मवर्ष पाहून हात टेकणारा वैद्य आम्ही अजून पाहिला नाही. कारकून मात्र पाहिला आहे, आणि तो रोज आरशात भेटतो.

आणखी एक लहान प्रश्न राहिला. जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींत यावर पुष्कळ मतभेद आहेत. मेलेला कागदी कंडेन्सर काढून त्याच्या जागी आजचा, आकाराने इवलासा कंडेन्सर बसविला तर यंत्राचे जुने रूप बिघडते. म्हणून काही जण जुन्याचे कवच पोकळ करून नवा भाग त्याच्या पोटात दडवितात. वरून पाहणाराला वाटावे, की काहीच बदलले नाही. हे कौशल्य आहे की फसवणूक? आम्हांला वाटते, उत्तर त्या कवचात नाही. घराच्या भिंतीला गिलावा देताना आपण जुना रंग लावतो, त्यात कोणी खोटेपणा पाहत नाही. परंतु उद्या हे यंत्र दुसऱ्याच्या हाती जाईल. तो त्या कवचावरचा छापील आकडा खरा मानून चालेल आणि फसेल. दुरुस्ती झाकावी की दाखवावी, ही रुचीची बाब झाली. ती लिहून ठेवावी, हे कर्तव्य झाले. जी दुरुस्ती स्वतःची नोंद ठेवीत नाही, ती पुढच्याच्या वाटेत पेरलेला नवा बिघाड होय.

याच संदर्भात शेवटची एक गोष्ट सांगितली पाहिजे. या यंत्रांत तारांचे जोड चिनी मातीच्या पट्ट्यांवर केलेले असतात. त्या पट्ट्यांच्या खाचांना चांदीचा मुलामा असतो. साधे सोल्डर पुन्हा पुन्हा वापरले तर तो मुलामा विरघळून निघतो आणि पट्टी कायमची वाया जाते. त्यासाठी थोडी चांदी मिसळलेले सोल्डर लागते. हे सोल्डर दूरच्या दुरुस्त करणाराला वेळेवर मिळेल न मिळेल, म्हणून बनविणारांनी प्रत्येक यंत्राच्या आतल्या बाजूस त्याचे एक छोटे रीळ लावून ठेवलेले असे. आम्ही झाकण प्रथम उघडले तेव्हा ते रीळ जागच्या जागी होते. आपण बनविलेली वस्तू एक दिवस बिघडेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. ती कोणी तरी उघडेल, असा विश्वासही धरला होता. साठ वर्षांहून अधिक काळ ते रीळ त्या माणसाची वाट पाहत अंधारात बसले होते, आणि वर चिठ्ठी लागली होती, 'दुरुस्ती किफायतशीर नाही'.

त्या रिळातले सोल्डर आम्ही वापरले. सगळे संपविले नाही. जे काही बदलले त्याची यादी, तारखांसह आणि आमच्या चुकांसह, एका कागदावर लिहून झाकणाच्या आतील बाजूस चिकटविली आहे. पहिल्या ओळीत लिहिले आहे, 'प्रथम उणे १५० मोजा, आणि बाहेरच्या मीटरने मोजा.' बाहेरची पिवळी चिठ्ठी आम्ही फाडून टाकली नाही; तीही आतच ठेवली आहे. तिच्यावरचे अक्षर आम्हांला अधूनमधून पाहावेसे वाटते.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर. या यंत्राने आम्ही काही मोजत नाही म्हटले तरी चालेल; मोजण्यासारखे आमच्याजवळ फारसे नाहीच. मात्र गेल्या महिन्यात निर्लेखनाची नवी यादी आमच्यापुढे आली. तीत एकोणीस वस्तू होत्या. आम्ही भांडाराची किल्ली मागून घेतली आणि एकेक वस्तू पाहिली. सतरा खरोखरच गेलेल्या होत्या. दोन यादीतून काढल्या. या कामात एक दिवस गेला आणि त्याबद्दल आम्हांला थोडे ऐकूनही घ्यावे लागले. स्नेही हिशेबखात्यातले आहेत. हा हिशेब किफायतशीर ठरतो की नाही, ते त्यांनी त्यांच्या मापाने पाहावे. आणि ते माप कोणी, केव्हा तपासले होते, हेही एकदा पाहून घ्यावे.